जुन्या सिंथेसायझरचा पॉवर सप्लाय बंद पडला आहे. मालवणात मूळ भाग मिळत नाही, तर एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून कमी व्होल्टेज देणारा तयार सप्लाय) बसवला तर चालेल का?

नाही, १९८०च्या दशकातील सिंथेसायझरला तो एसएमपीएस चालणार नाही; मूळ सप्लायच दुरुस्त करावा, आणि ते बहुधा थोडक्या खर्चात होते. अशा वाद्यांत साधारणपणे डिजिटल भागाला +५ व्होल्ट आणि अ‍ॅनालॉग भागाला +१५ व -१५ व्होल्ट लागतात, आणि एकच व्होल्टेज देणाऱ्या एसएमपीएसमधून हे तिन्ही पुरवठे मिळत नाहीत. किनाऱ्यावरची वाद्ये दुरुस्त करताना मला बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर शाबूत आढळतो. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला असतो आणि व्होल्टेजमधले चढउतार कमी करणारे फिल्टर कपॅसिटर फुगलेले किंवा तळाशी पाझरलेले असतात. नवे कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टेजचे आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्यावेत. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बदलताना मात्र फार जपावे: ७८१५ (+१५ व्होल्टचा) आणि ७९१५ (-१५ व्होल्टचा) दिसायला सारखे असले तरी त्यांच्या पिनांचा क्रम वेगळा असतो, आणि ७९१५ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असल्यामुळे ती हीटसिंकला (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) टेकवताना मध्ये वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा हवाच. मुख्य बोर्डाची वायर सोडवून तिन्ही व्होल्टेज मल्टिमीटरने तपासावेत आणि मगच ती परत जोडावी. वाद्य जपानच्या बाजारासाठीचे, म्हणजे १०० व्होल्टचे असेल आणि ते थेट आपल्या २३० व्होल्टला लावले गेले असेल, तर ट्रान्सफॉर्मरच जळालेला असू शकतो, आणि तेव्हा तो बदलावा लागेल.