एकाचं रेटिंग 'गुड', दुसऱ्याचं नाही: इंग्लंडमधल्या केअर होमच्या नोकरीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सांगलीत बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत तुम्ही शिकवत होतात, यजमानांना लेस्टरला नोकरी लागली, त्यांच्या व्हिसावर तुम्ही येताय आणि निघायच्या आधीच दोन केअर होमनी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलंय. एकाचं रेटिंग 'गुड', पण तपासणी 2019 ची. दुसऱ्याचं 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट', म्हणजे सुधारणा हवी, तपासणी गेल्या वर्षीची. कुठे जाऊ, आणि तपासणीला येणारे आपल्यासारख्या साध्या कर्मचाऱ्यालाही प्रश्न विचारतात का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी इकडे अशाच एका लहान घरात डेप्युटी मॅनेजर आहे. लर्निंग डिसेबिलिटी आणि ऑटिझम असलेले प्रौढ तिथे राहतात. (बायोडेटात 'बौद्धिक दिव्यांग प्रौढांसोबत काम' असं स्पष्ट लिहा. इथे लर्निंग डिसेबिलिटी म्हणजे तेच, आपल्याकडे म्हणतात ते डिस्लेक्सिया वगैरे नव्हे.) मी तुमच्या जागी असते तर मुलाखत दोन्हीकडे दिली असती, पण माझा ओढा दुसऱ्या घराकडे असता.

त्याचं कारण असं. इंग्लंडमध्ये केअर होमना नोंदणी देणं आणि त्यांची तपासणी करणं हे काम केअर क्वालिटी कमिशनचं, म्हणजे सीक्यूसीचं. 2009 पासून ही संस्था ते करते. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये वेगळ्या संस्था आहेत. सीक्यूसी पाच गोष्टी पाहते: घर सुरक्षित आहे का, काळजीचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, माणसागणिक गरज ओळखली जाते का, आणि कारभार नीट आहे का. त्यावरून चारपैकी एक शेरा मिळतो: आउटस्टँडिंग (उत्कृष्ट), गुड (चांगलं), रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट (सुधारणा हवी), इनॅडिक्वेट (अपुरं). शेरा दर्शनी भागात लावणं 2015 पासून कायद्याने बंधनकारक आहे. मात्र पुढची तपासणी होईपर्यंत तोच शेरा भिंतीवर राहतो. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे नेहमीच्या तपासण्या थांबल्या. 2023 च्या अखेरीस सीक्यूसीने नवी पद्धत आणली, तिची संगणकप्रणाली कोलमडली आणि तपासण्या आणखी रखडल्या. 2024 मध्ये सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालाने या कारभाराचे वाभाडे काढले, आणि आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही संस्था कामाला लायक राहिली नाही असं उघड सांगितलं. म्हणजे 2019 च्या 'गुड'वरून तुम्हाला एवढंच कळतं की 2019 मध्ये ते घर चांगलं होतं. तेव्हाचा मॅनेजर आज तिथे आहे का, तेव्हाचे कर्मचारी आहेत का, कुणास ठाऊक.

ताजा 'गुड' असला तरी हुरळून जाऊ नका. 2011 मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात लर्निंग डिसेबिलिटी असलेल्या रुग्णांना मारहाण होत असल्याचं बीबीसीच्या पॅनोरामा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. तिथल्याच एका नर्सने आधी व्यवस्थापनाला आणि मग सीक्यूसीलाही कळवलं होतं, पण कुणी हललं नाही. पुढे 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, त्यातले 6 तुरुंगात गेले. एवढं होऊनही 2019 मध्ये काउंटी डरॅममधल्या व्हॉर्ल्टन हॉलमध्ये तोच प्रकार पुन्हा उघडकीला आला. त्या वेळी व्हॉर्ल्टन हॉलवर 'गुड'चाच शेरा होता. तिथल्या त्रुटींबद्दल एका तपासनिसाने 2015 मध्येच अहवाल लिहिला होता, तो प्रसिद्धच झाला नाही. ही दोन्ही रुग्णालयं होती, निवासी घरं नव्हेत. पण त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या तपासनिसांची नजर बदलली, हे नक्की. दार बंद झाल्यावर आत काय चालतं याचा अंदाज ते आता बारीकसारीक गोष्टींवरून घेतात.

दुसऱ्या घराचा अहवाल सीक्यूसीच्या वेबसाइटवर पूर्ण वाचायला मिळेल. नुसता शेरा पाहू नका. सुरक्षितता आणि कारभार हे दोन भाग आधी वाचा. ऑडिट वेळेवर नव्हती, प्रशिक्षणाच्या नोंदी अपुऱ्या होत्या, मॅनेजर नवा होता, अशी कारणं असतील तर ते घर सावरण्याच्या वाटेवर असू शकतं. मॅनेजर नवा आणि धडपड्या असेल तर अशा ठिकाणी शिकायला भरपूर मिळतं. उलट औषधांत चुका, जखमांची कारणं न नोंदवणं, माणसांना धरून ठेवण्याचे प्रकार, किंवा मागच्या दोन-तीन तपासण्यांत तोच शेरा आणि तेच मुद्दे दिसले तर तिकडे फिरकूही नका. 'मायेची वागणूक' या भागात शेरा खाली असेल तरीही नको. कागद सुधारता येतात, पण माणसाशी तुसडं बोलायची सवय लागलेला कर्मचारीवर्ग लवकर सुधारत नाही.

आता तपासणीबद्दल. केअर होमची तपासणी सहसा न कळवता होते. घर अगदी लहान असेल तर, सगळे बाहेर गेलेले असू नयेत म्हणून, कधी आदल्या दिवशी फोन येतो. सकाळी एक-दोन जण दारात ओळखपत्र दाखवतात. कधी त्यांच्याबरोबर अशी व्यक्ती असते जिने स्वतः किंवा जिच्या घरच्या कुणी अशी सेवा घेतलेली असते. तिला इथे एक्सपर्ट बाय एक्स्पीरियन्स म्हणतात, आणि नातेवाइकांशी बोलायचं काम बहुधा तिच्याकडे असतं. आमच्या घरात तपासनीस फायली मागायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. चहा कोण करतं ते पाहत होत्या. अकरा वाजले की ट्रेमधून सगळ्यांना एकाच वेळी सारखाच चहा, हे त्यांना खटकतं. ज्याला जमतं त्याने स्वतः किटली लावावी, हात थरथरत असेल तर कर्मचाऱ्याने फक्त कप धरावा. चहा नको असेल तर तो नाकारताही यायला हवा. बोलू न शकणाऱ्या माणसांसाठी त्यांची निरीक्षणाची ठरलेली पद्धत आहे: कोपऱ्यात बसून ठरावीक वेळ टिपत राहायचं, कोण कुणाशी कसं बोललं, माणसाचा चेहरा खुलला की मिटला, कर्मचारी त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारतात का.

इथे आपल्यासारख्यांना थोडं बदलावं लागतं, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं, अंगात कपडे घालून देणं, चाळिशीच्या माणसाच्या गालाला हात लावून 'शहाणं बाळ' म्हणणं. कार्यशाळेत तुम्ही हे कमी केलं असेल, पण घरी आपण सगळ्या हेच करतो. इथे त्याला माया म्हणत नाहीत, त्याने माणसाचा हक्क जातो असं धरतात. फ्रिजला कुलूप लावलंत तर ते बंधन ठरतं, आणि त्यासाठी 2005 च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टनुसार त्या व्यक्तीची निर्णयक्षमता तपासून कारण लिहावं लागतं. एखाद्याला एकट्याने बाहेर जाऊ द्यायचं नसेल आणि त्याला या गोष्टीला संमती देता येत नसेल तर कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, परवानगी मागावी लागते. त्याला सगळे डॉल्स (डिप्रायव्हेशन ऑफ लिबर्टी सेफगार्ड्स) म्हणतात. पहिल्या महिन्यात हा शब्द इतक्या वेळा ऐकाल की बाहुल्यांचं दुकान आहे की काय असं वाटेल.

औषधांच्या तक्त्यावर, म्हणजे मार चार्टवर, तपासनीस बराच वेळ घालवतात. गरज पडली तर द्यायची शांत करणारी औषधं नेमकी केव्हा दिली जातात? दर शनिवारी रात्री, एकाच कर्मचाऱ्याच्या पाळीत दिलेली दिसली तर ते थांबून विचारणारच. ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा 18 वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा 2016 मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात दगावला. त्याला स्वतःला आणि आईवडिलांना नको असताना मनोविकारावरचं औषध दिलं गेलं होतं. 2022 च्या कायद्याने सीक्यूसीकडे नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला कर्मचाऱ्यांना लर्निंग डिसेबिलिटी आणि ऑटिझमचं प्रशिक्षण देणं भाग पडलं, ते याच प्रकरणानंतर. यासाठीचं जे प्रशिक्षण सरकारने पुरस्कृत केलंय त्याला त्याचंच नाव आहे. तुम्हालाही ते करावं लागेल.

शौचाच्या नोंदींचा तक्ता पाहून हसू नका. जो माणूस पोटात दुखतंय हे सांगू शकत नाही त्याचा बद्धकोष्ठाने जीव जाऊ शकतो, गेलाही आहे. तीच गोष्ट घास अडकण्याची. कुणाच्या आहाराला 'लेव्हल 5' लिहिलं असेल तर जेवण बारीक आणि ओलसरच हवं. अशा माणसाला प्रेमाने दिलेलं कोरडं बिस्कीट त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, विचारतात, आणि बाजूला घेऊन विचारतात, मॅनेजर समोर नसताना. अमक्याला दुखतंय हे तुला कसं कळतं? सहकाऱ्याने कुणाला ढकललेलं पाहिलंस तर कुणाला सांगशील, आणि मॅनेजरनेच दुर्लक्ष केलं तर? शेवटचं सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठांसोबत कामाबद्दलची ठरलेली बैठक, कधी झालं? इंग्रजी अडखळलं तरी काही बिघडत नाही. पण आपली सवय असते, वरिष्ठांची लाज राखायची, पाहुण्यांसमोर 'सगळं छान आहे' म्हणायचं. त्या उत्तराने तपासनिसाला संशय येतो. ज्याच्याशी तुम्ही रोज बसता त्याच्याबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगा: तो कान झाकतो तेव्हा त्याला हँड ड्रायरचा आवाज सहन होत नसतो, म्हणून आम्ही बाहेर गेलो की रुमाल नेतो. तपासनिसांना हेच हवं असतं. आणि गंभीर काही दिसलं तर तपासणीची वाट पाहू नका, सीक्यूसीला आणि कौन्सिलच्या सेफगार्डिंग (गैरवागणुकीपासून संरक्षण) विभागाला थेट कळवता येतं.

ऑनलाइन मुलाखत झाली तरी होकार द्यायच्या आधी इथे पोचल्यावर एकदा घर पाहायला मागा. बुधवारी सकाळी नको, शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळी जा. नकार दिला तर तेच तुमचं उत्तर. बाथरूममध्ये प्रत्येकाचा शाम्पू वेगळा आहे की एका टोपलीत सगळ्यांचा एकच? खोल्यांना बाहेरून कडी आहे का? भिंतीवर राहणाऱ्यांचे फोटो आहेत की फक्त नियमांचे कागद? तुम्हाला घर दाखवायला कोण येतं: मॅनेजर एकटा, की तिथे राहणारं कुणी 'ही माझी खोली' म्हणत येतं? एजन्सीकडून तात्पुरते पाठवलेले किती लोक आहेत तेही विचारा. रोज नवा चेहरा दिसला की ऑटिस्टिक माणसाचं सगळं बिनसतं, आणि त्याचा राग त्या दिवशी पाळीवर असलेल्यावर निघतो. घरात किती जण राहतात ते पाहा. सीक्यूसीचं मार्गदर्शन लहान घरांच्या बाजूने आहे, साधारण सहा किंवा त्याहून कमी माणसांच्या. मीही त्याच मताची आहे.

तुमच्या मैत्रिणीलाही याच कामासाठी यायचंय असं लिहिलंत. तिचा मार्ग वेगळा आहे. केअर वर्कर म्हणून परदेशातून नव्याने व्हिसा मिळणं 22 जुलै 2025 पासून बंद झालंय. कुणी एजंट आजही 'केअर व्हिसा' म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुम्ही यजमानांच्या व्हिसावर येताय, तुम्हाला स्पॉन्सर (व्हिसासाठी हमी देणारा मालक) लागत नाही, त्यामुळे न पटलं तर नोकरी सोडायलाही मोकळ्या आहात.

निघायच्या आधी पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढून ठेवा. इथली डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, होईलच, पण तिच्यात भारतातल्या नोंदी दिसत नाहीत, म्हणून मालक हे पत्र मागतात. कार्यशाळेकडून लेटरहेडवर, तारखांसह, संस्थेच्या ईमेल पत्त्यासह शिफारसपत्र घ्या. आणि शिक्षण संपल्यापासून आजपर्यंत कुठे काम केलं, मध्ये कुठे खंड पडला आणि का, हे वर्ष-महिन्यांसकट लिहून काढा, बाळंतपणासाठी घरी होतात तोही काळ धरून. तपासणीत कर्मचाऱ्यांच्या फायली उघडतात, आणि रिकामा महिना दिसला तर त्याचं कारण लिहिलेलं आहे का ते पाहतात.