ग्रास कटर पावसाळाभर चालवायचा असेल तर

मशीन टू-स्ट्रोक असेल, तर नुसतं पेट्रोल कधीच घालू नका. टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल, किती, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४०. अंदाजाने ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा, मगच टाकीत भरा. ऑइल कमी पडलं की पिस्टनवर चरे पडतात आणि तो खर्च मोठा असतो.

एअर फिल्टरकडे मात्र रोज बघा. कोकणात काजूच्या बागेत गवत कापताना दिवसभरात स्पंजवर हिरवट चिकट थर बसतो. मशीनला दम लागतो, रेस देऊनही आवाज बसकाच राहतो, आणि लोक थेट कार्बोरेटर उघडायला घेतात! आधी स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, पूर्ण सुकवा. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये (फिन्समध्ये) अडकलेलं गवतही ब्रशने काढा, नाहीतर इंजिन तापतं.

खाली पात्याजवळच्या गिअरबॉक्सला ग्रीस लागतं, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. बाजूचा स्क्रू काढून थोडं ग्रीस भरा, ठासून नको. हात लावण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढायचीच.

प्लग काळा पडला तर पुसा, त्याच्या टोकांमधली गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा.

दिवाळीनंतर मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओलावा लगेच धरतो, कार्बोरेटरमधला पातळ पडदा (डायफ्रॅम) कडक होतो, मग जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो.