हेपारिनचा शोध मॅक्लीनचा की हॉवेल यांचा?

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिन या औषधाच्या शोधाचे श्रेय जय मॅक्लीन या विद्यार्थ्याला द्यावे की त्याचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांना, आणि या शोधाने रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत नेमका काय फरक पडला, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागावर माझे मत स्पष्ट आहे: श्रेय मॅक्लीनचे. अशा प्रश्नांना ‘दोघांचेही’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही, कारण ‘दोघांचेही’ म्हटले की व्यवहारात नाव मोठ्याचेच राहते.

मॅक्लीन १९१५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी आला, तेव्हा हॉवेल हे रक्त गोठण्याच्या क्रियेवरील मोठे नाव होते. मेंदूतून काढलेले सेफॅलिन हे स्निग्ध द्रव्य रक्त गोठण्यास चालना देते, असे त्यांचे म्हणणे होते. ती चालना खुद्द सेफॅलिनची की त्यात राहिलेल्या अशुद्ध द्रव्यांची, एवढेच तपासण्याचे काम त्यांनी मॅक्लीनला दिले. मॅक्लीनने मेंदूबरोबर हृदय आणि यकृत यांचेही अर्क काढले आणि, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाजूला ठेवलेले जुने अर्क फेकून न देता पुन्हा तपासले. त्यांची रक्त गोठवण्याची शक्ती गेली होती, इतकेच नव्हे तर यकृताचा अर्क गोठणे उलट लांबवत होता. हे सांगितल्यावर हॉवेल यांचा विश्वास बसला नाही, म्हणून आपण मांजराच्या रक्तात तो अर्क घालून ते पात्रच त्यांच्यासमोर ठेवले, असे मॅक्लीनने पुढे लिहून ठेवले आहे. हे काम १९१६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये छापून आले, त्यावर लेखक म्हणून एकट्या मॅक्लीनचे नाव आहे. हेपारिन हे नाव मात्र १९१८ मध्ये हॉवेल यांनी एमेट होल्ट या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर दिले, आणि पुढे जगाने तेवढेच लक्षात ठेवले. मॅक्लीनने उतारवयात व्याख्याने देऊन आपला दावा मांडला. १९५७ मध्ये तो वारला, त्याची हकिगत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हॉपकिन्समध्ये त्याच्या नावाचा फलक लागायला १९६३ साल उजाडले.

मला हे इतके का लागते, ते सांगते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागातील संशोधन प्रकल्पावर मी तंत्रज्ञ म्हणून काम करत होते. पायाची धमनी अचानक बंद पडून आलेल्या आणि फोगार्टी कॅथेटरने (टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने) गुठळी काढलेल्या रुग्णांना त्यानंतर हेपारिनचे ड्रिप चालू असे. त्यांच्या रक्ताची एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात याची चाचणी; हेपारिन जास्त तितका आकडा मोठा) तपासून ड्रिपचा वेग कमी-जास्त करायचा आणि त्या आकड्यांचा पाय वाचण्याशी काय संबंध लागतो ते पाहायचे, असा तो प्रकल्प होता. एपीटीटी साधारणपणे कंट्रोलच्या (निरोगी रक्ताच्या ठरावीक नमुन्याच्या) दीड ते अडीच पट राखायची असते. आमच्याकडे मात्र संध्याकाळी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे जवळपास नॉर्मल येत, रेसिडेंट मुले ड्रिप वाढवत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रुग्णाच्या ताज्या नमुन्याचा आकडा नको तितका वर जाई, जखमेची पट्टी रक्ताने भिजलेली असे. “मॅडम, किटचा लॉट बदललाय, कंट्रोल पुन्हा लावा,” एवढेच आमचे गाइड म्हणत. कंट्रोल दर वेळी बरोबर येत होता.

संध्याकाळचे नमुने वॉर्डातले मामा उशिरा आणून देत आणि रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले, निळ्या झाकणाचे ते बल्ब (रक्ताच्या नळ्या) रात्रभर स्टँडवर तसेच राहत. तांबड्या पेशी खाली बसलेल्या, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मध्ये बिंबाणू (प्लेटलेट्स) वगैरेंचा तो पातळ पांढरा थर. मी एकाच रुग्णाचे रक्त दोन बल्बमध्ये घेतले, एक लगेच सेंट्रिफ्यूजला (नमुना वेगाने फिरवणाऱ्या यंत्राला) लावून प्लाझ्मा वेगळा केला आणि दुसरा सकाळपर्यंत राहू दिला. पहिल्याचा आकडा हेपारिन चालू असलेल्या रुग्णाला शोभेल असा आला, दुसऱ्याचा पुष्कळच कमी. कारण असे की बिंबाणूंमध्ये प्लेटलेट फॅक्टर ४ नावाचे प्रथिन असते. नमुना पडून राहिला की ते बाहेर पडते आणि हेपारिनला निष्प्रभ करते. म्हणजे रुग्णाच्या अंगात हेपारिन भरपूर असते, बल्बमध्ये मात्र ते दिसत नाही.

मी सर्व आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून गाइडपुढे ठेवले. तासाभरात प्लाझ्मा वेगळा करायचाच, असा नियम विभागात झाला, आकडे सुधारले आणि प्रकल्पाचा निबंधही छापून आला. त्यात नमुने तासाभरात सेंट्रिफ्यूज केल्याचे वाक्य होते; लेखकांत किंवा आभारांतही माझे नाव नव्हते. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “तंत्रज्ञाने मोजायचं असतं, प्रश्न आम्ही विचारायचा असतो.” मॅक्लीनलाही मोजायलाच सांगितले होते. जे शोधायला सांगितले नव्हते ते दिसल्यावर त्याकडे दुर्लक्ष न करणे, यालाच मी संशोधन म्हणते, आणि ते करणाऱ्याचे पद कोणते आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही स्वतः कोणाच्या हाताखाली काम करत असाल, तर वही स्वतःची ठेवा, रोज तारीख घाला आणि लेखकांची नावे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या. गाइड चांगले असतील तर त्यांना याचा राग येणार नाही.

आता हॉवेल यांच्या बाजूने जे म्हणता येते तेही नोंदवायला हवे. मॅक्लीनचा पदार्थ स्निग्धवर्गातील फॉस्फेटाइड होता. आज वापरतो त्या हेपारिनच्या जातीचा, पाण्यात विरघळणारा पदार्थ हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत पुढे मिळाला. मॅक्लीनच्या निबंधात गोठणरोधी परिणामाचा उल्लेखही ओझरताच आहे, कारण निबंधाचा विषय सेफॅलिन होता. शिवाय माझे निरीक्षण जगाला नवे नव्हते, ते पुस्तकांत आधीच होते. आमच्या विभागाला नवे होते इतकेच. तरीही माझे मत बदलत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. धमन्या शिवण्याची रीत अलेक्सिस कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बसवली आणि त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले, पण लहान धमन्यांत टाक्यांच्या जागी गुठळी होऊन सगळी मेहनत वाया जाई. टोरंटोत चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने माणसाला देता येईल इतके शुद्ध हेपारिन तयार केले, आणि तिथेच सर्जन गॉर्डन मरे यांनी आधी कुत्र्यांवर व १९३५ पासून रुग्णांवर ते वापरले. १९३७ मध्ये चारगाफ आणि ओल्सन या संशोधकांनी प्रोटामिन हे प्रथिन हेपारिनचा परिणाम थांबवते हे दाखवले. आज धमनीला क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लावण्याआधी हेपारिन देतात आणि गरज वाटल्यास शेवटी प्रोटामिन देतात, तो क्रम इथून आला. कोणत्या शस्त्रक्रियेत किती मात्रा द्यावी, हे मात्र एखाद्या व्हॅस्क्युलर सर्जनने लिहावे. मी शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बल्ब घेऊन उभी असे.