तळमजल्यावर मैलापाणी उलटले तर

आपल्या तळमजल्यावरच्या घरी मैलापाणी उलटण्याची ही पहिलीच वेळ, असे आपण कळवलेत, म्हणून मोजकेच सांगतो. न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी वर येते, तेव्हा दोष बहुधा बाहेरच्या तुंबलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीवरच्या झाकणाच्या खड्ड्यात, असतो. तो मोकळा होईपर्यंत वरच्या मजल्यांना पाणी वापरणे थांबवायला सांगावे, नाहीतर पुसलेली फरशी तासाभरात पुन्हा भरते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घाणीवरच ब्लीच ओतणे. त्याची ताकद मळातच खर्ची पडते. सफाईवाले आधी मैला उपसून साबणाने घासतात की नाही, हे पाहावे. त्यानंतर 5 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजेच ब्लीच) 1 भाग आणि पाणी 9 भाग असे द्रावण फरशीवर किमान 10 मिनिटे राहू द्यावे. त्यात अ‍ॅसिड किंवा संडासाचा क्लीनर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आणखी दोन गोष्टी:

- भिजलेली गादी आणि फुगलेले प्लायवुड, जीव तुटला तरी, टाकूनच द्यावे. मात्र विमा असल्यास आधी छायाचित्रे काढावीत.
- चेंबरमध्ये माणूस उतरवू देऊ नये. संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेण्यास हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने मनाई आहे. पाण्याच्या जोरदार झोताने तुंबा काढणारे जेटिंग मशीनच मागवावे.