नेटस्टॅटमध्ये (कॉम्प्युटरची नेटवर्क कनेक्शन्स दाखवणारी कमांड) वीस-पंचवीस पोर्ट 'लिसनिंग', म्हणजे ऐकत असलेले, दिसतात. सगळे बंद करू का?

नको. तुमच्यासारखाच घाबरून मी एकदा हा उद्योग केला होता. दिसेल त्या नंबराला फायरवॉलमध्ये ब्लॉक लावत सुटलो आणि नंतर माझं शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून का उघडत नाही, हे शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. फोल्डर शेअर करायला लागणारा ४४५ मीच बंद केला होता!

पोर्ट समजावताना सगळे घराच्या दारांची उपमा देतात, आणि मला वाटतं भीती तिथूनच सुरू होते. दार भिंतीत आधीपासून असतं. पोर्ट म्हणजे नुसता ० ते ६५५३५ मधला एक आकडा, आलेला डेटा कुठल्या प्रोग्रॅमला द्यायचा ते सांगणारा. एखादा प्रोग्रॅम त्या आकड्यावर ऐकत बसला तर पोर्ट उघडा. प्रोग्रॅम बंद केला की पोर्टही बंद. म्हणून 'हा पोर्ट धोक्याचा आहे का' यापेक्षा 'इथे कोण ऐकतंय आणि त्याच्यापर्यंत कोण पोहोचू शकतं' हे विचारा.

विंडोजमध्ये नेटस्टॅटपुढे -एएनओ लावून चालवा (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). आकड्याआधीचा पत्ता बघा. १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्रॅम फक्त तुमच्याच मशिनशी बोलतोय, सोडून द्या. ०.०.०.० असेल तर तो नेटवर्कवरून येणाऱ्यांचंही ऐकायला तयार आहे. याच ओळी तपासायच्या. शेवटच्या रकान्यातला पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये शोधला की नाव कळतं. ४४५ समोर ४ दिसेल, ते खुद्द विंडोज. ४९६६४ च्या आसपासच्या ओळीही बहुतेक त्याच्याच. 'एस्टॅब्लिश्ड' (कनेक्शन जोडलेलं) आणि समोरच्या बाजूला ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट, दिसलं तर बहुधा तुमचाच ब्राउझर कुठली तरी साइट उघडून बसलाय.

मग ४४५ निर्धोक का? तसंही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच पोर्टवरून पसरला, कारण तिथे ऐकणाऱ्या विंडोजच्या सेवेत चूक होती. पण ती दुरुस्त करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला होता, त्यांच्याकडे पोर्ट उघडा असूनही त्या वाटेने तो शिरू शकला नाही.

राहिला राउटर. बाहेरून आपणहून आलेलं कनेक्शन तो सहसा आत सोडत नाही, जोवर तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून एखाद्या पोर्टवर आलेलं आतल्या कॉम्प्युटरकडे पाठवणं) करत नाही किंवा यूपीएनपी या राउटरमधल्या आपोआप पोर्ट उघडून देणाऱ्या सोयीच्या जोरावर एखादा प्रोग्रॅम परस्पर करून घेत नाही. तेव्हा राउटरच्या पानावर जाऊन फॉरवर्डिंगची यादी बघा, यूपीएनपी लागत नसेल तर बंद करा. ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, थेट इंटरनेटवर कधीच उघडू नका. 'नंबर बदलला की झालं' असंही सांगणारे भेटतील. मी माझ्या सर्व्हरचा २२, म्हणजे दुरून लॉगिन करायचा एसएसएच पोर्ट, बदलून पाहिला. लॉगमधले पासवर्ड लावून बघणारे कमी झाले, पण थांबले नाहीत. ६५ हजार आकडे तपासायला स्कॅनरला कितीसा वेळ लागतो!

आणि ०.०.०.० च्या ओळीत एखादा अनोळखी किंवा कधीकाळी टाकून विसरलेला प्रोग्रॅम सापडला, तर ब्लॉक लावत बसू नका. तो काय आहे ते बघा, नको असेल तर अनइन्स्टॉल करा आणि नेटस्टॅट पुन्हा चालवा. ती ओळ गेलेली दिसली पाहिजे.