अण्णाकाकांचा संन्यास

प्रिय ईरा,

रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "सुधाकाकू गेली म्हणून अण्णाकाकांनी एवढी नोकरी सोडली, आता संन्यास घेणार. म्हणजे आम्ही कुणी त्यांना नकोच का? मराठी लोक असंच करतात?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. ते मनात राहिलंय.

सगळे असं करत नाहीत गं. माणूस गेल्यावर सगळं टाकून द्यावंसं वाटतं, त्याला आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात. बहुतेकांचं ते तेराव्यापर्यंत ओसरतं. त्याच्या भरात कुणी दीक्षा मागितली तर जाणता गुरू देत नाही. म्हणून तर अण्णाला मठात आधी ब्रह्मचारी म्हणून ठेवलंय. पहाटे उठणं, झाडलोट, पाठ. या काळात परत फिरता येतं, दीक्षेनंतर ती वाट बंद.

ज्ञानोबांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, घरी बायको आहे हे लपवून काशीला संन्यास घेतला. गुरूंना कळल्यावर त्यांनीच परत पाठवलं. पण ज्ञानोबा आणि त्यांची भावंडं 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत पडली. आजी ही गोष्ट सांगताना विठ्ठलपंतांच्या बायकोपाशी, रुक्मिणीपाशी अडखळायची. लहानपणी मला त्यात फक्त ज्ञानोबा दिसायचे, आता रुक्मिणीही दिसते. म्हणूनच अण्णाने रोहनदादाला आधी विचारलं, याचं मला बरं वाटलं.

दीक्षेआधी आठ श्राद्धं असतात : देव, ऋषी, दिव्य, मनुष्य, भूत, पितर, माता, आणि आठवं स्वतःचं. जिवंतपणी आपलाच पिंड आपल्या हाताने ठेवायचा. मग विरजाहोम, म्हणजे शुद्धीसाठीचा होम. शेंडी आणि जानवं जातं. अंगावरचं वस्त्र सोडून माणूस उत्तरेकडे चालू लागतो, तेव्हा गुरू त्याला थांबवून कौपीन म्हणजे लंगोटी, छाटी म्हणजे भगवं वस्त्र, दंड आणि कमंडलू देतात. त्याआधी तो तीनदा, आधी हळू, मग मध्यम, मग मोठ्याने म्हणतो, 'संन्यस्तं मया', म्हणजे मी संन्यास घेतला. आणि सगळ्या जिवांना अभय देतो : माझी भीती कुणाला नको. तू म्हणतेस तसं 'कुणी नकोत' यात मला तरी दिसत नाही. तुला दिसलं तर तेही समजू शकतो.

कायद्यानेही हे विधी झाले की माणूस आपल्या घराला मेल्यासारखा धरतात, वारसाहक्क उघडतो. नुसती भगवी घातल्याने तसं होत नाही. म्हणून कागद आधी पुरे करावे लागतात. अण्णाच्या पीएफवर, विम्यावर नॉमिनी अजून काकूच होती. ती नावं तशीच राहिली असती तर पुढे रोहनला वारस दाखल्यासाठी हेलपाटे पडले असते. दोन महिने अण्णा हेच निस्तरत होता. पासपोर्टवर मात्र संन्याशाला आईवडिलांऐवजी गुरूचं नाव लावता येतं, त्यासाठी गुरूचं नाव असलेला एखादा सरकारी कागद लागतो.

शंका माझ्याही मनात आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, भंडाऱ्यावर जाऊन बसले, तरी संसार सुटला नाही त्यांचा. अण्णालाही तसं जमलं असतं का, असं रात्री मनात येतं. मग वाटतं, तीस वर्षं डबा बांधून देणारं माणूस गेलेल्या घरात मी राहत नाही, तो राहत होता.

काकूचं वर्षश्राद्ध मार्गशीर्षात आहे. दीक्षेनंतर संन्याशाला कुणाचं श्राद्ध करता येत नाही, म्हणून तो तेवढ्यासाठी थांबलाय. काळे तीळ, दर्भ, भाताचे पिंड, सगळं तो स्वतः करणार. त्याच्या हातून होणारं ते शेवटचं. तुला यावंसं वाटलं तर तिकिटं काढतो. नाही वाटलं तरी चालेल, मी रोज विचारणार नाही.

तुझा,
बाबा