म्युऑन पाहायला मोठी प्रयोगशाळाच लागते का?

जळगावच्या महाविद्यालयात कमी खर्चात म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण त्याहून बरेच जड असे मूलकण, दाखवता येतील का, असा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने जून 2025 मध्ये म्युऑनच्या चुंबकत्वाचे अंतिम मोजमाप जाहीर केले, त्यासाठी सुमारे 14 मीटर व्यासाचे चुंबकीय कडे लागले. नुसते पाहायला मात्र तसे काही लागत नाही. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे साधारण 15 किलोमीटर उंचीवर निर्माण होणारे म्युऑन आपल्या अंगावरून सतत जात असतात. त्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम 2.2 मायक्रोसेकंद असल्याने ते वाटेतच विरायला हवेत, पण ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असल्याने, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार, त्यांचा काळ आपल्या दृष्टीने मंदावतो आणि ते जमिनीपर्यंत पोचतात.

कणांची वाट धुक्यात दाखवणारा मेघकक्ष (क्लाउड चेंबर) असा करता येतो: काचेच्या पेटीत वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले फेल्ट (जाड लोकरी कापड) लावावे, तळाचा काळा पत्रा कोरड्या बर्फावर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवावा आणि बाजूने टॉर्चचा झोत सोडावा. पत्र्यालगत अल्कोहोलच्या वाफेच्या धुक्यात उमटणारी लांब, सरळ, बारीक रेघ बहुधा म्युऑनची असते. आखूड, जाडसर रेघ हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून निघालेल्या अल्फा कणाची असते. खानदेशातल्या मे महिन्यात कोरडा बर्फ फार वेळ टिकणार नाही, म्हणून हा उद्योग हिवाळ्यातच केलेला बरा. बर्फ उघड्या हाताने धरू नये, खोली हवेशीर ठेवावी आणि जवळपास ज्योत पेटवू नये.